पाहुण्याला विचारत नाहीत

आमच्या तासबुलाकमध्ये कुणाला सरकारी नोकरी लागली की लोक आधी विचारतात, वशिला कुणाचा? काबेकेच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. अणुबॉम्बचा.

त्याचं खरं नाव कबदेश. पण आमच्याकडे वडीलधाऱ्याला पूर्ण नावानं हाक मारणं म्हणजे त्याच्या अंगावरचा कोट ओढण्यासारखं. नावाचा पहिला तुकडा घ्यायचा आणि त्याला आदराचं शेपूट जोडायचं, की कबदेशचा काबेके होतो. उंचीला बेताचा, घोड्यावर वाढलेल्या सगळ्यांसारखा पायांत थोडा फेंगडा, आणि बोलायला गोड. भांडायला आलेल्या माणसालाही तो आधी बसायला सांगायचा. त्यामुळे त्याच्याशी भांडायला जाणं लोकांनी सोडूनच दिलं होतं. बसल्यावर चहा येई, आणि चहा पिऊन शिव्या देणं बरं दिसत नाही.

गावाच्या दक्षिणेला कोक्शोकी डोंगर आहे. मॉस्कोचं राज्य होतं तेव्हा सैनिकांनी त्याच्या घळीघळीतून पोटात भुयारं खणली आणि भुयारांत बॉम्ब फोडले. इतके, की डोंगर आतून चाळणीसारखा झाला. फोडायच्या दिवशी सकाळी फौजेची गाडी गावातून फिरायची: घराबाहेर या, भिंतींपासून लांब उभे राहा. काबेके तेव्हा शाळेत होता. पोरांना ती सुट्टी वाटायची. मग जमीन झोपेत कूस बदलल्यासारखी हलायची, मेंढ्या बसकण मारायच्या, आणि बायका घरात धावायच्या, फडताळातलं काय फुटलं ते बघायला. भांडी सोडून दुसरं काही फुटलं असेल हे कुणाच्या मनात यायचं नाही. पुढे काबेकेच्या वर्गातले सोबती एकेक करून गेले, कुणाचं रक्त बिघडलं, कुणाचा घसा. काबेके म्हणायचा, "शाळेत मी कायम शेवटच्या बाकावर. आता वर्गात पहिला नंबर माझाच. दुसरा कुणी उरलाच नाही."

मग ते राज्य मोडलं. आमच्या नव्या देशानं मोठ्या मनानं सगळे बॉम्ब परत केले, जगानं पाठ थोपटली. डोंगरातले सैनिकही गेले. जाताना दिवे मालवले, पण दारं लावली नाहीत. भुयारांत मैलोगणती तांब्याची केबल तशीच लोंबत राहिली, आणि त्याच्याही आत, कुठेकुठे, असं काहीतरी उरलं जे परत केलेल्या मालात कुणी धरलंच नव्हतं. गावाला यातलं पहिलं माहीत होतं. दुसरं माहीत नव्हतं.

सरकारी कळप विकला गेला, काबेकेची मेंढपाळी गेली, सगळ्यांचेच पगार थांबले, आणि तासबुलाकनं तांब्याचं पीक काढायला सुरुवात केली. घोडे जुंपून केबल ओढायची, वरचं रबर जाळायचं, उघडं तांबं सेमेय शहरातल्या सापारला विकायचं. हा सापार भंगारवाला. गावातल्या प्रत्येक लग्नाला त्याचा आहेर यायचा आणि प्रत्येक मयताला मेंढी. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे, आणि देवासारखंच तोही भाव स्वतःच ठरवायचा. काबेकेनंही काही दिवस केबल ओढली. पुढे छातीत खोकला बसला म्हणून सोडली.

अशात एका उन्हाळ्यात तीन देशांची माणसं एकाच गाडीतून उतरली. आमची, रशियाची आणि अमेरिकेची. यातल्या दोघांनी उभा जन्म एकमेकांवर बॉम्ब रोखून काढलेला. आता एकाच डब्यातलं गार मांस वाटून खात होती. त्यांना भुयारं सिमेंटनं बुजवायची होती, आणि त्याबद्दल बोलायचं नव्हतं. गावाला सांगितलं, खाणीचं काम आहे. सिमेंट बाहेर काढायच्याऐवजी आत ओतणारी खाण गावानं पहिल्यांदाच पाहिली.

रस्त्यावर आडवा बांबू लावून चौकी बसवली. चौकीवर माणूस हवा होता, गावाचा भरवशाचा. मेजर येसेंगाली नावाचा आमच्याच मुलखातला तरुण अधिकारी काबेकेच्या घरी आला.

"काम सोपं आहे, काबेके. येईल त्याला तीन गोष्टी विचारायच्या. कोण तू? कुठून आलास? कशासाठी आलास?"

"पहिल्या दोन विचारीन," काबेके म्हणाला.

"आणि तिसरी?"

"बाळा, तुझे आजोबा कुठल्या गावचे?"

"काबेके, मी तिसऱ्या प्रश्नाचं विचारतोय."

"मीही त्याचंच बोलतोय. ते असते तर त्यांनीच तुझा कान पिळला असता. माळावरून आलेल्या माणसाला, का आलास, असं विचारतात होय? तो पाहुणा. त्याला चहा द्यायचा. पोटात ऊब गेली की तो आपण होऊन सांगतो. नाही सांगितलं, तर ते सांगण्यासारखं नसेल."

मेजरबरोबर एक लांबलचक अमेरिकन होता. मान पुढे काढून चालायचा म्हणून गावानं त्याचं नाव उंट ठेवलं होतं. दुभाष्यानं त्याला हे सगळं समजावलं तेव्हा उंट खूश झाला. त्यानं काबेकेचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्याला दिली. मेजर मात्र हसला नाही.

"आत उरलेली बॉम्बची वस्तू मुठीएवढी असते, काबेके. शिशाच्या डब्यात मावते. नको त्या माणसाच्या हातात पडली तर एक अख्खं शहर जाईल."

"कुठलं?"

"कुठलंही. ते लांबचं असेल. तुम्हाला त्याचं नावही माहीत नसेल."

काबेके जरा वेळ टोपी फिरवत बसला. "आमच्या घरादारावर एवढी वर्षं धूळ बसली, तेव्हा कुणी पहारा ठेवला नाही," तो म्हणाला. मग टोपी डोक्यावर घातली. त्याच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

तिसरा प्रश्न न विचारता पहारा द्यायची त्यानं स्वतःची रीत काढली. आमच्याकडे चहा वाडग्याच्या तळाशी थोडाथोडा ओततात. वाडगा रिकामा झाला की परत थोडा. याचा अर्थ, बसा, अजून बोलू. वाडगा काठोकाठ भरून पुढे केला तर पाहुण्यानं समजून घ्यायचं की आता उठायची वेळ झाली. पोतं घेऊन कुणी चौकीवर आला की काबेके त्याला आत बसवायचा, बायका-पोरांची, गुराढोरांची खुशाली घ्यायचा, आणि मग शांतपणे काठोकाठ भरलेला वाडगा पुढे करायचा. माणूस लाजायचा, चहा संपवायचा आणि गावाकडे परत फिरायचा. जगात अणुबॉम्बच्या सामानाचा बंदोबस्त दूध घातलेल्या चहावर चाललेला असा हा एकच डोंगर असेल. आणि चालला होता! मेजरच्या माणसांनी कुत्री आणली होती, त्यांच्यापेक्षा तर नक्कीच बरा.

काबेकेची बायको कुल्याश. तिला एकच धाकटा भाऊ, मार्लेन. त्याचा बाप पक्का पक्षाचा माणूस. मुलगा झाला तेव्हा मार्क्सचं नाव ठेवू की लेनिनचं, हे ठरेना, म्हणून दोन्ही जोडून टाकली. पुढे दोघांचीही सत्ता गेली, नाव राहिलं. आई दूधडेअरीत पहाटेपासून राबायची, त्यामुळे मार्लेन वाढला तो कुल्याशच्या पाठीवर. आता तो आईबरोबर सेमेयला राहायचा आणि सापारच्या भंगाराच्या वाड्यात काम करायचा. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे जेझ्दे म्हणतात, आणि जेझ्देची जितकी टिंगल कराल तितकी माया जास्त, असा हिशेब आहे. मार्लेनची काबेकेवर फारच माया होती.

शरद संपत आला होता. दुपारी चौकीसमोर मार्लेनची मोटारसायकल येऊन थांबली, बाजूला डबा लावलेली.

"जेझ्दे! अमेरिकेनं टोपी पाठवली. डोकं कधी पाठवणार आहेत?"

"डोकं होतं रे. लग्नात तुझ्या बहिणीपुढे ठेवलं, तेव्हापासून खातेय."

"अजून संपलं नाही? मोठंच होतं म्हणायचं."

"तुझ्या मानानं सगळ्यांचंच मोठं. ये, बस."

काबेके केटली घेऊन आला तेव्हा त्याची नजर मोटारसायकलच्या डब्यात गेली. मेंढीचं कातडं पांघरलेलं, पण एका कोपऱ्यातून करड्या रंगाची पेटी दिसत होती. लहानशी. मार्लेननं ती सरकवायला दोन्ही हात लावले तरी ती जेमतेम हलली. केबल कापायची करवत नव्हती. ओढायला दोर नव्हता. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून पोरं असली पेटी बनवू शकतात, हे काबेकेला माहीत होतं.

विचारायचं अगदी ओठावर आलं. पण समोर पाहुणा, तोही बायकोचा भाऊ, आणि वाडगा त्याच्या हातात. काबेकेनं आईची खुशाली विचारली. पायदुखीची विचारली. लग्नाचं काय ठरलं ते विचारलं.

"सापारनं नवीन काम दिलंय," मार्लेन म्हणाला. "हे झालं की लग्नच लग्न. अपाला दातही बसवून देणार. माझ्या लग्नात तिला मांस चावता आलं पाहिजे." अपा म्हणजे त्याची आई.

असं थेट विचारता येत नाही तेव्हा आमची माणसं लांबून वळसा घालून बोलतात. काबेकेनंही घातला.

"इकडे फिरकू नकोस रे उद्या. घोड्याच्या घळीत काम आहे. सकाळीच सिमेंटच्या गाड्या येतील, मग ती जन्मात उघडायची नाही."

मार्लेनचा वाडगा तोंडापाशी थांबला. "घोड्याच्या? मला वाटलं लांडग्याच्या घळीत असेल."

"लांडग्याच्यात काय आहे? ती कधीचीच रिकामी. उगाच बुजवलीय, लोकांना ओळखू येऊ नये म्हणून."

"असं होय," मार्लेन म्हणाला.

काबेकेनं वाडगा काठोकाठ भरून त्याच्यापुढे धरला. मार्लेननं वाडग्याकडे पाहिलं, मग जेझ्देकडे, आणि खो-खो हसला. "एवढ्यात हाकलतोस? बरं. कुल्याशला म्हणावं, बाऊरसाक तळून ठेव, रात्री जेवायला येतो. कंजूषपणा करू नकोस म्हणावं, पिठात लोणी घाल."

मोटारसायकल टेकाडामागे गेली. तिथून एक वाट गावाकडे फुटते, एक डोंगराकडे. जाणाऱ्या पाहुण्याची पाठ बघत उभं राहू नये म्हणून काबेके आत आला. येणाऱ्या-जाणाऱ्या एका मेंढपाळाबरोबर त्यानं बायकोला निरोप धाडला: बाऊरसाक तळ, मार्लेन येतोय. त्याची चौकीवरची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती.

सकाळी सिमेंटच्या गाड्या आल्या. काबेकेनं बांबू वर केला.

ऊन चढल्यावर कुल्याश आली, शेजाऱ्याच्या घोड्यावर बसून, डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला. "आला नाही तो," ती उतरताउतरताच म्हणाली. "रात्रभर दिवा ठेवला. बाऊरसाकांचे दगड झाले. इथून कुठे गेला?"

"गावाकडे."

"तू पाहिलंस?"

काबेकेनं घोड्याचा लगाम धरला.

"विचारलंस?"

कुल्याशनं त्याच्याकडे कसं पाहिलं, ते मला सांगताना काबेके दर वेळी इथे थांबायचा आणि खोकायचा. मग दोघंही त्याच घोड्यावर बसून घोड्याच्या घळीकडे गेली. बांबू तसाच वर राहिला.

घळीच्या तोंडाशी पंप घरघरत होता. भुयाराच्या दारात लोखंडी चौकट ठोकून ती सिमेंटनं भरत आणली होती. सुरू करण्याआधी मेजरच्या माणसांनी रीतसर आत आवाज दिला होता, पहिल्या वळणापर्यंत जाऊन बॅटरी मारून पाहिलं होतं. त्यापुढे छत कोसळलेलं होतं, ढिगाऱ्यावरून माणूस सरपटत जाईल एवढीच फट. हवेच्या मुखवट्याशिवाय तिथे कुणी जाणार नाही असं त्यांना वाटलं. त्यांना मार्लेन माहीत नव्हता.

काबेकेनं मेजरची बाही धरली. "पंप थांबव. आत माणूस आहे."

"कोण?"

"माझा मेव्हणा."

"तुम्ही आत जाताना पाहिलं?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"त्याच्याकडे शिशाची पेटी होती."

मेजरचा चेहरा उतरला. त्यानं हात वर करून पंप थांबवला. माणसं चहूकडे पांगली, आणि थोड्याच वेळात कुणीतरी खडकाआडून ओरडलं. मोटारसायकल सापडली होती. डब्यात कातडं होतं, पेटी नव्हती.

सिमेंटच्या भिंतीतून एक लोखंडी नळी आत गेलेली होती. कुल्याशनं तिला तोंड लावलं. "मारिक! ए मारिक!" लहानपणी हाक मारायची तशी. मग कान लावला. मग परत तोंड. सगळे गप्प उभे होते, तिन्ही देशांचे. एका रशियन माणसानं कुदळीच्या दांड्यानं नळीवर ठोकलं, थांबला, परत ठोकलं. आतून काही आलं नाही.

उंटानं एक यंत्र नळीतून आत सोडलं आणि काट्याकडे पाहून मान हलवली. दुभाष्या जमिनीकडे बघत म्हणाला, "आतली हवा मेलेली आहे. ढिगाऱ्यापलीकडे माणूस घटकाभरही टिकत नाही. काल संध्याकाळीच... झोप लागल्यासारखं होतं म्हणतात. दुखत नाही."

"मग फोडा की!" कुल्याश म्हणाली. "अजून ओलं आहे ते. मी हातानं काढते. मेलेला असला तरी माझा आहे. त्याला आंघोळ नको घालायला? कफन नको?"

मेजर फोन घेऊन गाडीत जाऊन बसला. उंटही त्याच्या फोनवर, रशियनही त्याच्या. तीन राजधान्यांत तीन माणसं उठली, आणि बहुधा पहिल्यांदाच तिघांचं एका दमात एकमत झालं. त्या ढिगाऱ्यापलीकडे काय आहे ते मोजलेलं नाही; पेटीत काय भरलं गेलं तेही माहीत नाही; एकदा वाट मोकळी केली तर ती पुन्हा बंद होईपर्यंत कोण आत जाईल, कोण बाहेर येईल, कुणी सांगावं? आणि आत जाणाऱ्या माणसांच्या जिवाची हमी कोण देणार? काम पुरं करा.

मेजर गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात टोपी होती. त्यानं ती दगडावर आपटली. मग पंप चालवणाऱ्याला खूण केली.

कुल्याशनं आरडाओरडा केला नाही. ती नळीपाशी बसून राहिली, आणि नळी काढायची वेळ आली तेव्हा तिला काबेकेनं उचललं.

आठवड्याभरानं ती मेजरकडे गेली. मौलवीनं नमाज पढली होती, चाळिसाव्या दिवसाची मेंढी ठरली होती, पण कबर नव्हती. आमच्या माळावर माणूस जिवंतपणी झोपडीत राहिला तरी मेल्यावर त्याला विटांचं घर बांधतात. बिनखुणेचा मुडदा फक्त गुरांचा.

"एक दगड ठेवू दे," ती म्हणाली. "नाव नको. चंद्रकोर नको. नुसता दगड."

"कुल्याश, दगड म्हणजेच पाटी. उद्या कुणीही येऊन म्हणेल, इथेच खणा." मेजर तिच्या डोळ्यांत बघत नव्हता. "घोड्याच्या घळीचं नावसुद्धा बाहेर जाता कामा नये. गावातल्या फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे. मी वर कळवलेलं नाही, की चौकीवरून त्याला..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

तर असा काबेके नोकरीत राहिला. त्याला काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. रोज तो बांबूपाशी बसायचा आणि बायकोच्या भावावर पहारा द्यायचा. घरी कुल्याश त्याला जेवायला वाढायची, कपडे धुवायची, खोकल्याचं औषध द्यायची, आणि काही बोलायची नाही. मार्लेनला घळ कुणी सांगितली हे त्यानं तिला स्वतःहून सांगितलं होतं. न सांगता चाललं असतं, पण सांगितलं.

वसंतात बर्फ वितळलं आणि सापारची जीप चौकीवर आली. पुढे सापार, मागे कुल्याशची आई, तिच्या शेजारी कुल्याश. सगळ्यात मागे दोन अनोळखी दणकट गडी. ते खाली उतरले नाहीत. त्यांच्या पायांशी ताडपत्री होती.

"काबेके!" सापारनं मिठी मारली, डोळे पुसले. "माझा उजवा हात गेला रे. म्हातारी रोज रडते, मला बघवेना. म्हटलं, चला अपा, मी नेतो. एकदा जागा बघेल, दुआ मागेल, जीव शांत होईल. एवढंच."

काबेकेनं त्याला बसायला सांगितलं नाही. माझ्या माहितीत ही पहिलीच वेळ.

अपा काठी टेकत जवळ आली. चेहरा सुरकुतून अक्रोडासारखा झालेला. "कबदेश," ती म्हणाली. सासू आहे, ती पूर्ण नावानं हाक मारू शकते. "माझं पोर कुठे ठेवलंय रे?"

काबेकेनं जीपमधल्या गड्यांकडे पाहिलं. सापारकडे पाहिलं. तो टोपी काढून, मान तिरकी करून थांबला होता, आणि त्याचे डोळे डोंगराच्या एकेका घळीवरून हळूहळू चालले होते.

"चला, अपा," काबेके म्हणाला आणि पुढे झाला.

वाट जिथे फुटते तिथे घोड्याची घळ डावीकडे. काबेके उजवीकडे वळला. त्याचं मागे लक्ष होतं. कुल्याशनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. ती फाट्यावर थांबली. डावीकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, सापारच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. मग आईचा दंड धरला आणि म्हणाली, "इकडून, अपा. जपून, दगड सुटे आहेत."

लांडग्याच्या घळीत बुजवलेल्या दारासमोर ती चौघं उभी राहिली. काबेकेनं हात पसरले. त्याला दुआ धड येत नव्हती, सुरुवातीचे शब्द तो परतपरत म्हणत राहिला. अपानं पुढे होऊन सिमेंटला गाल लावला, हातांनी चाचपलं, खाली बसून मूठभर माती रुमालात बांधली.

"त्याचं तोंड मक्केकडे, किब्लाकडे आहे ना रे?"

काबेकेनं वाकून तिची काठी उचलली.

"आहे, अपा," कुल्याश म्हणाली. "किब्लाकडेच आहे."

सापार मोठ्यानं आमीन म्हणाला. परत जाताना तो पावलं मोजल्यासारखा चालत होता.

काबेकेनं त्या रात्रीच मेजरला सांगितलं. मेजरनं लांडग्याच्या घळीवर माणसं ठेवली, पण उन्हाळ्यात त्याची बदली झाली, माणसं दुसऱ्या डोंगरावर गेली, आणि पावसाळी ढगांच्या एका दिवशी कुणीतरी मागच्या उतारावरून यंत्र आणून लांडग्याची घळ खणून काढली. आत काही मिळालं नाही, कारण आत काही नव्हतं. सापारचं काय झालं कुणाला नीट माहीत नाही; कुणी म्हणतं सीमेपलीकडे पकडला, कुणी म्हणतं अजून भंगारच विकतो. घोड्याच्या घळीला कुणी हात लावला नाही. लांबच्या कुठल्यातरी शहरात लोक उठले, कामाला गेले, आणि त्यांना कोक्शोकीचं नावही कळलं नाही.

त्याच शरदात अपा परत आली, वर्षाच्या दुआची मेंढी कापायच्या आधी. या खेपेला शेजाऱ्याच्या गाडीतून. काबेकेनं तिला परोपरीनं अडवलं. वाट वाहून गेलीय, माती सरकलीय, पुढच्या महिन्यात जाऊ. पण ती त्याला न जुमानता चालू लागली. वाट तिला पाठ होती.

घळीत दरवाजा नव्हता. सिमेंटचे तुकडे इकडेतिकडे पडले होते, डोंगराच्या अंगात मोठा खड्डा, त्यात काळपट पाणी साठलेलं. अपा काठावर उभी राहिली. तिला काय झालंय ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती खालीच बसली.

"चोरांनी नेलं रे," ती म्हणाली. "मेलेल्या पोरालाही सोडलं नाही. त्याच्याजवळ काय होतं, की त्याला नेलं?"

मागोमाग आलेली कुल्याश तोंडात रुमाल कोंबून उभी होती. एक वाक्य बोललं की झालं. अपा, तो इथे नाहीच. तो पलीकडच्या घळीत आहे, जसाच्या तसा. पण शेजारी गाडीपाशी उभा होता, त्याचे दोन पोरगे होते, संध्याकाळपर्यंत सगळ्या तासबुलाकला कळलं असतं, आणि तासबुलाकमधून सेमेयला. काबेकेनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही.

"कबदेश," म्हातारी म्हणाली, "उतर रे खाली. हाड राहिलं असेल एखादं. बटण असेल. काहीतरी बघ."

काबेकेनं बूट काढले, टोपी काढून दगडावर ठेवली, आणि त्या रिकाम्या खड्ड्यात उतरून, गुडघाभर पाण्यात वाकून, दोन्ही हातांनी गाळ चाळायला लागला.